बायजाबाईनं पाय दिला म्हणे

"दीपा, तुझी सासू उठली का पहिले मांडी धरते. पाहिलं का तू?"

भावना असं म्हणाली होती. भावना म्हणजे दीपमालाची कॉलेजातली मैत्रीण, आता आरोग्य केंद्रात नर्स. दीपमालाच्या लेकीला, गुंजनला, लस द्यायची म्हणून आली आणि चहाला बसली, तेव्हा तिचं लक्ष बायजाबाईकडे गेलं. खुबा बदललेल्या माणसाला उठल्यावर पहिल्या पावलांना मांडीत दुखत असेल तर आत बसवलेली दांडी ढिली झालेली असू शकते, अख्ख्या मांडीचा एक्स-रे फोटो काढून घे, असं तिनं बजावलं. तेव्हा गुंजन अगदीच तान्ही. बाळाचा श्वास नीट चालू आहे ना, हे पाहण्यात दीपमालाचा सारा दिवस जायचा. "तुले तं सगळेच पेशंट दिसते," असं म्हणून तिनं विषय हसण्यावारी नेला.

एवढी एक गोष्ट दीपमालाच्या पदरात टाका. पुढं जे झालं ते तिच्यामुळं झालं नाही, आणि गावानं नेमकं तेच तिच्या पदरात टाकलं.

बायजाबाई ही दीपमालाची सासू. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास नवरा वारला, तेव्हापासून दोन पोरांना तिनं रोवणी-निंदणीच्या मजुरीवर वाढवलं. मोठा बाबुलाल, धाकटा धम्मदीप, म्हणजे दीपमालाचा नवरा. काही वर्षांपूर्वी बांधावरून घसरून तिचा खुबा मोडला होता. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात धातूचा गोळा बसवला. त्या गोळ्याला खाली लांब दांडी असते आणि ती मांडीच्या हाडात उतरवलेली असते, विळ्याची शेपटी लाकडी मुठीत ठोकतात तशी. मूठ ढिली झाली आणि तरी विळा चालवत राहिलं, की एक दिवस मूठच चिरते. सुट्टी देताना डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, उकिडवं बसायचं नाही, मांडी घालून बसायचं नाही, खुर्ची वापरायची. घरात खुर्ची आली. बायजाबाई तिच्यावर बसायचीही.

पण विहारात नाही.

मोहाडी तालुक्यातल्या त्या गावात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले, तीन महिने रोज संध्याकाळी विहारात वाचन चालतं. बाया पांढरी लुगडी नेसून येतात, सतरंजीवर बसतात, वंदना होते, मग कोणीतरी ग्रंथ वाचतं. समोर ओट्यावर बुद्धाची मूर्ती. ऑपरेशननंतरच्या पहिल्या पावसाळ्यात कोणी बायजाबाईसाठी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. ती टेकते न टेकते तोच मागून आवाज आला, "भगवंतासमोर उंच बसते का बाई?" कोण म्हणालं ते आता कोणालाच आठवत नाही, विचारून पाहा. नियम कुठं लिहिलेला नव्हता, कोणा भन्तेंनी सांगितलेला नव्हता. पण बायजाबाई तशी उठली ती कायमची. तेव्हापासून दर पावसाळ्यात रोज संध्याकाळी तास-दीड तास ती फरशीवर मांडी घालून बसायची आणि उठताना मांडी धरायची. दीपमालानं लग्न होऊन आल्यावर एकदोनदा म्हटलं, आई, खुर्ची घ्या. तर बायजाबाई हसून म्हणायची, "मी काय पाहुणी आहो?"

त्यातलं खरं ते असं, की पाहुण्यांना खुर्च्या होत्या. पौर्णिमेला, वर्षावासाच्या समारोपाला, भंडाऱ्याहून वक्ते येत, त्यांच्यासाठी मूर्तीच्या बाजूलाच खुर्च्यांची रांग लागे, आणि ते पायावर पाय टाकून बसत. त्या खुर्च्या मांडायचं काम बाबुलालचं. तो विहार समितीचा सचिव होता.

समारोप तोंडावर आला होता. त्या संध्याकाळी वाचन संपलं तेव्हा गुंजन आजीच्या मांडीवर पेंगत होती. दीपमाला पलीकडच्या भिंतीशी सतरंजीची घडी घालत होती. बायजाबाईनं एक हात फरशीवर टेकला, नातीला कमरेवर घेतलं आणि उठली. दोन पावलं टाकली. मग दीपमालाला आवाज ऐकू आला, वाळलेली तुऱ्हाटी गुडघ्यावर मोडावी तसा. बायजाबाई बसल्यासारखी खाली गेली, जाता जाता अंग वळवून तिनं पोर छातीवर घेतली. गुंजनला खरचटलंही नाही.

दीपमालानं आधी पोरीकडं पाहिलं. कोणती आई पाहणार नाही. मग तिनं पायाकडं पाहिलं. तो जिथं वाकला होता तिथं माणसाला सांधा नसतो.

दुसऱ्या दिवसापासून कौतुक सुरू झालं.

बाया आल्या, हळदीचं दूध घेऊन आल्या, खाटेशी बसल्या. बायजाबाईनं नातीसाठी पाय दिला, असं पहिल्यांदा कोण म्हणालं कोण जाणे, पण संध्याकाळपर्यंत तो शब्द गावभर झाला. पाय दिला. जणू विहाराला दान दिलं. आणि त्याच बाया चहा घेता घेता दीपमालाकडं पाहून म्हणायच्या, पोर मोठी झाली आता, म्हातारीच्या अंगावर टाकाची कायले, शिकलेल्या पोरींले घरचं दिसत नाही. दीपमाला ओठ आवळून कप उचलायची. तिला ओरडावंसं वाटायचं, की अगं बायांनो, ती कण्हून राहिली, ते ऐका ना आधी.

बाबुलालनं आईला त्याच्या ओळखीच्या डॉक्टरकडं तालुक्याला नेलं होतं. डॉक्टरनं खुब्याचा फोटो काढला, उजेडाला धरला आणि म्हणाला गोळा जागेवर आहे, मुका मार आहे, शेक द्या, हळूहळू चालवा. बाबुलाल समाधानानं परत आला. घरी दोघा भावांनी आईला काखेतून धरून उभं केलं. तिनं तो पाय टेकवला आणि तिचे डोळेच फिरले. बेशुद्ध झाली. शुद्धीवर आल्यावर पोरांना म्हणाली, "मायं मन कच्चं झालं, बाकी काही नाही."

तेव्हा दीपमालाला पहिल्यांदा सासूचाही राग आला. आयुष्यभर ही बाई दुखणं गिळत आली आणि लोकांना गिळायला सोपं करत आली.

मांडी सुजून टणक झाली होती. पाऊल बाहेरच्या बाजूला आडवं पडलेलं, दुसऱ्या पायापेक्षा हा पाय आखूड दिसायचा. तिनं धम्मदीपला दाखवलं. तो राइस मिलमधून थकून आलेला, चांगला माणूस, पण मोठ्या भावासमोर त्याचं तोंड उघडत नसे. म्हणाला, फोटोत काही नाही ना, मग दादाले काय म्हणू. दीपमालानं तो फोटो पिशवीतून काढून खिडकीशी धरला. बी.एस्सी. केलं होतं तिनं, डॉक्टरकी नव्हे. पण डोळे होते. गोळा दिसत होता, त्याखाली दांडी दिसत होती, दांडी हाडातून खाली गेली होती, आणि ती संपायच्या आधीच फोटो संपला होता. मांडीचा मोडलेला भाग त्यात आलाच नव्हता. कोणी पाहिलाच नव्हता तो.

ती तो फोटो घेऊन तशीच बाबुलालकडं गेली. तो अंगणात समारोपाच्या पत्रिका वाटायला देत होता. तिनं बोट ठेवून दाखवलं, हे पाहा, इथं फोटो संपते, दांडी अजून खाली आहे, आईची मांडी इथं मोडली. आत्ता नागपूरला नेलं पाहिजे. बाबुलालनं फोटो हातात घेतला, उलटा धरला, परत दिला. म्हणाला पौर्णिमा होऊ दे, मंग पाहू. इतके लोक येऊन राहिले, गाडी कोण नेईल, आणि खाट उचलायला माणूस तरी कोण रिकामा आहे. मग जरा आवाज मऊ करून म्हणाला, "आईचा सत्कार ठेवला आम्ही. शाल देऊन. नातीसाठी पाय देणारी माता म्हणून. तूही ये पोरीले घेऊन, स्टेजवर."

दीपमालानं फोटो पिशवीत घातला. घरी येऊन तिनं सासूचं अंथरूण बदललं. चादर ओढताना बायजाबाईनं दात इतके आवळले की करकर आवाज आला, आणि गुंजन त्या आवाजाला घाबरून रडायला लागली.

पौर्णिमेला विहार भरून गेला होता. खीर शिजत होती. पाहुणे खुर्च्यांवर बसले होते, एक जण माता या विषयावर बोलून गेला, टाळ्या झाल्या. मग बाबुलालनं माईकवर आईचं नाव घेतलं, आई अंथरुणाला खिळली असल्यानं सून शाल स्वीकारील म्हणाला. दीपमाला पोरीला कमरेवर घेऊन पुढं गेली. एका पाहुण्यानं शाल उघडली. तिनं ती घेतली नाही. माईकही मागितला नाही, तिला गरज नव्हती.

"शाल नको," ती म्हणाली. "मले चार माणसं पाहिजेत. खाट उचलायले. आईनं पाय दिला म्हणता तुम्ही सगळे, कोणाले दिला? कोणी घेतला? तो पाय तिथंच आहे, मोडलेला, घरी, अन्‌ तुम्ही इथं टाळ्या वाजवून राहिले. खुबा बदललेल्या बाईले एका खुर्चीवर बसू दिलं नाही या विहारात. हे पाहुणे बसले त्या खुर्चीवर. मूर्तीच्या बाजूले. मग भगवंताले चालते का ते?"

एक वक्ता खुर्चीवरून अर्धा उठला आणि पुन्हा बसावं की नाही या विचारात तसाच राहिला. बाबुलाल खालच्या आवाजात म्हणाला, "दीपमाला, घरचं घरी बोलावं."

"घरी बोलली ना, दादा. तुम्ही फोटो उलटा धरला."

मागून कोणीतरी हसलं. त्या हसण्यानं काहीतरी सुटलं असावं, कारण पुरुषांच्या रांगेतून धम्मदीप उठला. तो भावाकडं बघत नव्हता, बायकोकडंही नाही. थेट दारातून बाहेर गेला. त्याच्यामागं डोमा गेला, त्यांचा शेजारी, ज्याच्याकडं माल वाहायची गाडी होती. मग आणखी दोघं. खीर तशीच शिजत राहिली.

नागपूरला अख्ख्या मांडीचा फोटो निघाला. डॉक्टर वयस्क होते, बोलायला सावकाश, झोप न झालेले. त्यांनी धम्मदीपला आणि दीपमालाला पडद्यासमोर उभं केलं. बाबुलालही मागाहून एसटीनं आला होता, तो दाराशी थांबला. डॉक्टरांनी दाखवलं की दांडीच्या टोकाशी हाड तिरपं चिरलं आहे आणि दांडी आत ढिली आहे, भोवतीचं हाड पातळ झालं आहे. हे नुसतं धातूची पट्टी लावून जुळायचं नाही. जुनी दांडी काढायची, मोडलेल्या जागेच्या बऱ्याच खाली पोचेल अशी लांब दांडी घालायची, आणि चिरलेल्या हाडाभोवती धातूच्या तारा आवळायच्या. ऑपरेशन मोठं आहे, रक्त लागेल, धोका आहे. न करण्यातही धोका आहे आणि तो जास्त आहे. अशी बाई खाटेवर पडून राहिली तर आधी पाठीला जखमा होतात, मग छाती भरते, मग तिला कशानं मरण आलं हेही कोणी विचारत नाही.

धम्मदीपनं विचारलं, पोरीला घेऊन पडली म्हणून इतकं मोडलं का. हा प्रश्न त्याच्या मनात इतके दिवस होता, हे दीपमालाला तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाले, "पडल्यामुळे मोडलं असं मला वाटत नाही. हाड आधीच झिजून गेलेलं होतं. त्या पोरीशिवाय उठल्या असत्या तरी आज ना उद्या मोडलं असतं. मोडलं म्हणून त्या पडल्या."

दीपमाला बाबुलालकडं वळली. तो जमिनीकडं पाहत होता. तिला वाटलं होतं हे ऐकून तिचा राग निवेल. तो निवला नाही. उलट त्याला आता नीट जागा मिळाली. पोरीमुळं नाही, तिच्यामुळं नाही, पडण्यामुळंही नाही. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, वंदना म्हणत म्हणत ती दांडी ढिली झाली होती.

बाजूच्या खाटेवर भंडाऱ्याजवळच्या कारध्याची तुळसाबाई होती. तिच्या मांडीत धातूची जुनी पट्टी होती, पूर्वीच्या अपघातातली, आणि पट्टी जिथं संपते तिथंच हाड मोडलं होतं. सकाळी विहिरीवरून पाणी आणताना पडली म्हणाली. तिच्यासाठीही डॉक्टरांनी ऑपरेशनच सांगितलं होतं. पण दुपारी तिचे दोन्ही मुलगे आले, कागदावर सही केली, आमच्या जबाबदारीवर नेतो म्हणाले. मोठा मुलगा सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलला, की म्हातारीचं वय झालं, आता तिले कुठं शर्यत पळाची आहे, घरी खाटेवर सुखानं राहील. तुळसाबाईला स्ट्रेचरवर घेतलं. ती कोणाशी भांडली नाही. दीपमालाच्या जवळून जाताना तिनं तिची बोटं पकडली. "बाई, मी चालत होती," एवढंच म्हणाली. "पाणी आणत होती मी."

दीपमाला तिच्या मुलाच्या मागं लिफ्टपर्यंत गेली. त्याला डॉक्टरांचं सगळं पुन्हा सांगितलं. तो म्हणाला तुम्ही तुमचं पाहा. लिफ्टचं दार लागलं.

ती वॉर्डात परत आली तेव्हा बाबुलाल धम्मदीपशी बोलत होता. त्या म्हातारीच्या पोराहीचं बरोबर आहे, तो म्हणत होता. एकदा लोखंड भरलं, आता पुन्हा भराचं, अजून मोठं. टेबलावर काही झालं तर लोक आपल्यालेच म्हणतीन. घरी नेऊ. मी भन्तेंना बोलावतो, परित्राण पाठ करू. आई शांत राहील.

दीपमाला बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"बाबुलाल."

बायजाबाईनं पोराला नावानं हाक मारली की तो अजूनही जरा सरळ उभा राहायचा.

"माह्या पायाचं तू काहून ठरवून राहिला?"

"आई, तुयाच भल्यासाठी..."

"मी इतकी वर्षं खाली बसली. कोणी म्हणलं म्हणून बसली. आता मले उभं राहाचं आहे. तुले पाहाचं नसन तं गावाले जा."

तिच्या कपाळावर घाम आला होता. बोलून झाल्यावर तिनं डोळे मिटले आणि दीपमालाचा हात शोधला. दीपमालानं तो दिला. तिला रडू आलं नाही. रागात रडू येत नाही तिला, आधीपासूनच.

धम्मदीपनं सही केली. रक्त त्यानं दिलं, डोमानं दिलं, आणि दुसऱ्या सकाळी काही न बोलता बाबुलालनंही दिलं. दीपमालानं त्याला पाहिलं, पण त्यासाठी शाल द्यावी असं काही तिला वाटलं नाही.

ऑपरेशन झालं. लांब दांडी बसली, तारा आवळल्या गेल्या. मधे एकदा ताप चढला, पण तो उतरला. पुढं बरेच आठवडे त्या पायावर भार द्यायचा नव्हता. बायजाबाई वॉकर धरून एका पायावर उभी राहायला शिकली आणि गुंजन त्याच दिवसांत खाटेला धरून उभी राहायला शिकली, आणि दोघी एकमेकींना पाहून हसायच्या. पाय थोडा आखूड राहिला आहे. राहू दे. ती अंगणात येते, चुलीशी खुर्ची टाकून बसते, सुनेला भाजीत मीठ कमी झालं म्हणून ऐकवते. मेली नाही. एवढ्यासाठी दीपमाला भांडली होती आणि एवढं तिला मिळालं.

पण राग तसाच आहे, कारण तुळसाबाई.

दीपमालानं वॉर्डात तिच्या मुलाचा नंबर घेऊन ठेवला होता. फोन केला तर "आराम आहे" म्हणून त्यानं ठेवून दिला. मग पोरीला शेजारी सोपवून ती एकदा स्वतः कारध्याला गेली. घर सापडलं. दारात धाकटी सून उभी होती, म्हणाली आत्या झोपल्या. आत काळोख होता आणि एक वास येत होता. तो वास दीपमालाला ओळखू आला, घरी चादर बदलताना तो तिच्या नाकात बसला होता. तिनं दोनदा हाक मारली. आतून काहीतरी हललं. सून दार लोटून घेऊ लागली. गुंजनच्या दुधाची वेळ झाली होती, सासू एकटी होती. दीपमाला परतली. त्यानंतर तिला घर सोडून जाता आलेलं नाही, आणि आता तिचा फोन उचलत नाहीत.

म्हणून ती तुम्हाला सांगते आहे. तुमच्यापैकी कोणी भंडाऱ्याहून वैनगंगेच्या पुलावरून कारध्याकडं जात असाल तर जरा थांबा. तुळसाबाईचं घर विचारा, कोणीही दाखवेल. झोपली आहे म्हणतील, तरी आत जा. पोरांशी बोलू नका, तिच्याशीच बोला. कूस बदलून तिची पाठ पाहा. ती काही मागणार नाही, आराम आहे म्हणेल, तिचं ऐकू नका. तिला विचारा की बाई, तुला उभं राहायचं आहे का, आणि ती काय म्हणते ते आम्हाला कळवा.